आतला अग्नी आणि मुलांचं ताट



आजचा श्लोक : गीता, अध्याय १५, श्लोक १४.

आपल्याकडे बऱ्याच घरांत पंधरावा अध्याय जेवणाआधी म्हणतात. पाठ असतो, म्हणून भरभर म्हणतो आणि या श्लोकावरून तसेच पुढे जातो. भगवंत इथे सांगतात की मी वैश्वानर अग्नी होऊन प्राण्यांच्या देहात राहतो आणि चार प्रकारचं अन्न पचवतो. चावायचं, गिळायचं, चाटायचं आणि चोखायचं. म्हणजे भाकरी, खीर, चटणी आणि ऊस!

परवाच्या एकादशीला हा श्लोक मला चांगलाच लागला. माझी सात वर्षांची मुलगी सकाळी म्हणाली, "बाबा, आज मी पण उपवास करणार." आम्ही खूश. आजीने तर फोन करून सगळ्यांना सांगितलं. पण दुपारी तिला खिचडीही नको, केळंही नको. खोदून विचारलं तेव्हा कळलं की खाली खेळताना कुणीतरी तिला "जाडी" म्हणालं होतं आणि तिला पोट कमी करायचं होतं. विठ्ठलाचा त्यात काही संबंधच नव्हता. आणि घरात तिला "गोलू" म्हणायला सुरुवात केली होती ती मीच, लाडाने.

खरं तर धर्मशास्त्रातही एकादशीचा नियम आठ वर्षांच्या पुढच्यांनाच आहे. आणि सतराव्या अध्यायाच्या सुरुवातीला (श्लोक ५-६) भगवंत चक्क नाराज आहेत. हट्टाने, दिखाव्यासाठी देहाला छळणारे लोक आत राहणाऱ्या मलाही छळतात, असं ते म्हणतात. लहान मुलाला यात दोष कसा देणार? पण स्वतःच्या पोटाचा राग तिला कुणी शिकवला, हा प्रश्न आपल्यालाच आहे.

आपण पालक हा अग्नी दोन्ही बाजूंनी चालवायला बघतो. बारीक असेल तर काऊचा घास, चिऊचा घास, मग मोबाईल लावून अजून चार घास. अंगाने भरलेलं असेल तर "पुरे आता, तिसरी पोळी नको". दोन्हीकडे मूल एकच गोष्ट शिकतं : माझ्या भुकेवर विश्वास ठेवायचा नाही. "भाजी संपव, मग चॉकलेट" म्हटलं की भाजी शिक्षा होते आणि चॉकलेट बक्षीस. हे आमच्या घरी अजून चालू आहे, खोटं कशाला बोलू.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची सरळ वाटणी सांगितली आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे पालकांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आमच्या भाषेत, इनपुट आपलं, प्रोसेसिंग वैश्वानराचं. यातलं "कधी" आपल्या पट्ट्यात अवघड आहे. आमच्या बिल्डिंगमधले बरेच बाबा चाकणला शिफ्टला जातात, आणि ते आल्यावर सगळे मिळून जेवू म्हणून मुलं रात्री दहापर्यंत बिस्किटांवर असतात. मग ताटावर भूक येणार कुठून? मुलांना वेळेवर वाढा, बाबांसोबत नंतर नुसतं बसू दे.

नवीन भाजी एकदा नको म्हटली म्हणून सोडू नका. दहा-पंधरा वेळा ताटात थोडीशी दिसली की मग कधीतरी हात जातो. आणि वजनाची खरंच काळजी वाटली तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते वयाप्रमाणे उंची-वजनाचा तक्ता बघतात. पण ती चर्चा मुलासमोर नको, आणि शेजारणीशी तर नकोच.

आळंदी आपल्यापासून किती जवळ! तिथली मांड्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मुक्ताईला मांडे करायचे होते आणि विसोबांमुळे कुंभाराकडे खापर मिळेना. तेव्हा ज्ञानोबांनी जठराग्नी चेतवला आणि तिने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले, असं सांगतात. चमत्काराचं जाऊ दे. लहान बहिणीला मांडे हवे झाले, तर भावाने "कशाला हवेत?" असं विचारलं नाही, एवढंच मी या वेळी बघितलं.

काल रात्री मुलगी अर्धी भाकरी ठेवून म्हणाली, "पोट भरलं." माझा हात सवयीने ताटाकडे गेला होता. मागे घेतला. नंतर झोपताना तिने दूध मागितलं. दिलं.

उद्या श्लोक १५.

राम कृष्ण हरी.