शहाण्याने कोर्टाची पायरी...

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण पायरी चढायची नाही तर मग जायचं कुठे, हे काही ती म्हण सांगत नाही. मारिओ पुझोची 'द गॉडफादर' ही १९६९ सालची कादंबरी आणि तिच्यावरून फ्रान्सिस फोर्ड कपोलाने १९७२ मध्ये केलेला सिनेमा नेमका याच प्रश्नापासून सुरू होतो.

हॉस्टेलमध्ये हा सिनेमा न पाहिलेला माणूस शोधून सापडणार नाही. पण बहुतेकांच्या लक्षात राहतात ती पिस्तुलं, काळे सूट आणि मार्लन ब्रँडोचा तो बसका आवाज! मला मात्र वाटतं की या गोष्टीचा खरा विषय पहिल्या काही मिनिटांतच मांडून होतो. उरलेला सगळा सिनेमा म्हणजे ते उदाहरण सोडवून दाखवणं. म्हणून मीही इथे गणितासारखंच जाणार आहे. आधी केस, मग रीत, शेवटी पडताळा.

केस

साल १९४५, न्यूयॉर्क. अमेरिगो बोनासेरा हा इटलीहून येऊन स्थायिक झालेला साधा माणूस. मृतदेह नीटनेटके करून अंत्यविधीची व्यवस्था करणं हा त्याचा धंदा. अमेरिकेवर त्याची भाबडी श्रद्धा. त्याच्या मुलीवर दोन तरुण जबरदस्ती करू पाहतात. ती विरोध करते म्हणून तिला इतकं मारतात की तिचा जबडा तारेने बांधावा लागतो. बोनासेरा सज्जन माणसासारखा पोलिसांत जातो. खटला उभा राहतो, दोघं दोषी ठरतात, तीन वर्षांची शिक्षाही होते... आणि न्यायाधीश ती लगेच स्थगित करतो! चांगल्या घरची पोरं, कोवळं वय वगैरे वगैरे. दोघं मोकळे होऊन घरी जातात.

इथे एक गोष्ट नीट बघा. बोनासेराने कोर्टाची पायरी चढायचं टाळलेलं नाही. कोर्टानेही गुन्हा ओळखण्यात चूक केलेली नाही. सगळं बरोबर चाललं होतं, चुकली ती फक्त शेवटची स्टेप. पण शेवटची स्टेप चुकली की उत्तर चुकतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको! हा बाप तिथून उठतो तो थेट डॉन व्हिटो कॉर्लिओनीकडे जातो.

डॉनची फी

डॉनच्या घरी त्या दिवशी मुलीचं लग्न आहे. बाहेर बँड, आत अंधारी खोली. बोनासेरा डॉनच्या कानात सांगतो, त्या दोघांना मारून टाका. डॉन नकार देतो. तुझी मुलगी जिवंत आहे, मग त्यांना मारणं हा न्याय कसा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे इथे डॉन चक्क जखमी बापापेक्षा जास्त मोजूनमापून बोलतो. याच जागी आपण सगळे त्याच्या प्रेमात पडतो. तारखा नाहीत, वकील नाही, कागदपत्रं नाहीत, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मापाची. अजून काय पाहिजे?

पण थांबा, फीचं काय? बोनासेरा पैसे विचारतो तर डॉनला अपमान वाटतो. त्याला पैसे नकोतच. त्याला पाहिजे की बोनासेराने त्याच्या हाताचं चुंबन घ्यावं, त्याला 'गॉडफादर' म्हणावं, आणि कधीतरी वेळ आली तर एक काम करावं. कोणतं काम ते सांगितलेलं नाही. ती दोन पोरं झोडपली जातात, बोनासेराचं काळीज थंड होतं. आपल्याकडे याला आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात.

पुढे डॉनचा थोरला मुलगा सनी टोलनाक्यावर गोळ्यांनी चाळण होऊन पडतो, तेव्हा बोनासेराला निरोप जातो. कादंबरीत त्याची त्या वेळची अवस्था वाचण्यासारखी आहे. आपल्याला कुठल्या खुनात गुंतवणार, या भीतीने त्याच्या पायातलं बळ जातं. काम निघतं साधं. सनीची आई त्याला शेवटचं बघणार आहे, तर त्याचं शरीर जरा बघण्यासारखं कर, एवढंच. आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण मुद्दा कामाचा नाहीच. ते काम भलतंसलतं असतं तरी बोनासेरा 'नाही' म्हणू शकला नसता!

माझ्या मते खाजगी सूड आणि कायद्याचा न्याय यांतला पहिला फरक हा आहे. कोर्टाची फी स्टॅम्पवर छापलेली असते. डॉनची फी म्हणजे आपण सही करून दिलेला कोरा चेक. निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून न्यायाधीशाच्या हाताचं चुंबन घ्यावं लागत नाही. तो आपला हक्क असतो, उपकार नसतो. डॉनकडून मात्र माणूस न्याय घेऊन बाहेर पडत नाही, मिंधा होऊन बाहेर पडतो.

सूडाचं गणित

दुसरा फरक १९७४ च्या दुसऱ्या भागात दिसतो. सिसिलीतलं कॉर्लिओनी गाव, साल १९०१. गावच्या डॉन चिचोने छोट्या व्हिटोच्या बापाला मारलेलं असतं. सूड घ्यायची शपथ घेतलेला मोठा भाऊही मारला जातो. आई नऊ वर्षांच्या व्हिटोला घेऊन चिचोच्या पाया पडायला जाते. पोर लहान आहे, दुबळं आहे, याला सोडा. चिचो म्हणतो, नाही, हा मोठा होऊन माझ्यावर उलटेल. आईचा जीव जातो, व्हिटो कसाबसा अमेरिकेला पळतो. आणि अनेक वर्षांनी परत येऊन म्हाताऱ्या चिचोचं पोट फाडतो.

म्हणजे चिचोचं बरोबरच होतं की! सूडाच्या गणितात नऊ वर्षांचं पोर हाही धोका असतो, म्हणून त्यालाही मारणं 'लॉजिकल' ठरतं. कोर्टात तेच पोर साक्षीदार असतं. एवढ्या एका वाक्यात दोन्ही पद्धतींमधलं अंतर मावतं असं मला वाटतं.

कंट्रोल सिस्टीम्सच्या तासाला आपण पॉझिटिव्ह फीडबॅक शिकतो. आउटपुट पुन्हा इनपुटमध्ये मिसळत जातं आणि शेवटी सिस्टीम हाताबाहेर जाते. इथे तसंच आहे. डॉनवर गोळ्या झाडल्या, म्हणून मायकेल सोलोझो आणि पोलीस कॅप्टन मॅक्लस्कीला उडवतो. म्हणून सनी जातो. मायकेलसाठी ठेवलेल्या बॉम्बमध्ये सिसिलीत त्याची नवी नवरी अपोलोनिया जाते. शेवटी मायकेल एकाच दिवशी सगळ्या शत्रूंचा हिशेब चुकता करतो, तो दिवस बहिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे हा शब्द मला थोडा जास्त टोचतो. चर्चमध्ये गॉडफादर म्हणजे बाळाच्या वतीने सैतानाला नाकारणारा, बाळाची जबाबदारी घेणारा माणूस. मायकेल तो विधी पूर्ण करतो आणि त्याच दिवशी त्या बाळाच्या बापाला, कार्लोला, मारून टाकायला लावतो!

१९९० च्या तिसऱ्या भागात पालेर्मोच्या ऑपेरा हाऊसच्या पायऱ्यांवर मायकेलसाठी आलेली गोळी त्याच्या मुलीला लागते. गोष्ट सुरू झाली तेव्हा एक बाप मुलीसाठी न्याय मागत होता. संपताना दुसरा बाप मुलीचं प्रेत घेऊन बसला आहे. बोनासेराची मुलगी निदान जगली.

मग लोक डॉनकडे जातात तरी का?

हा प्रश्न टाळला तर लेख भाषणबाजी होईल. लोक जातात कारण कायदा कधी कधी खरंच विकलेला असतो. मॅक्लस्कीच बघा. पोलीस कॅप्टन, पण सोलोझोच्या पगारावर. हॉस्पिटलमध्ये बापाचं रक्षण करायला उभ्या असलेल्या मायकेलचा तो जबडा मोडतो. पुन्हा जबडाच! सिसिलीचा खरा इतिहासही असाच आहे. सरंजामशाही कागदोपत्री १८१२ मध्ये संपली, पुढे इटली एक झाली, पण सरकारचा कायदा शेतापर्यंत पोचला नाही. १८७६ मध्ये तिथे फिरलेल्या लिओपोल्दो फ्रांकेत्ती या अभ्यासकाने लिहून ठेवलं की इथे हिंसा हाच एक उद्योग होऊन बसला आहे. कायदा नाही म्हणून संरक्षण विकणारे आले.

पण गंमत पुढे आहे. डॉन कॉर्लिओनीची सर्वांत मोठी ताकद कोणती? त्याच्या खिशातले न्यायाधीश आणि राजकारणी! इतर टोळ्यांना हेवा वाटतो तो त्याचाच. म्हणजे न्यायव्यवस्था बिघडवण्याचं दुकान आणि दुरुस्तीचं दुकान एकाच मालकाचं. कोर्ट सुधारलं तर या माणसाचा धंदा बसेल. तो कायद्याला पर्याय नाही, कायद्याला पडलेल्या भगदाडातला भाडेकरू आहे.

पडताळा

सिनेमा झाला, आता खरी माणसं. तोम्मासो बुशेत्ता हा सिसिलियन माफियातला बडा माणूस. १९८२ मध्ये शत्रू टोळीने त्याची दोन मुलं गायब केली, भावाला मारलं. माफियाच्या नियमाप्रमाणे त्याने सूड घ्यायला हवा होता. १९८४ मध्ये ब्राझीलहून इटलीत आणल्यावर तो जोव्हान्नी फाल्कोने या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर बसला आणि बोलू लागला. त्यातून १९८६ च्या फेब्रुवारीत पालेर्मोमध्ये महाखटला सुरू झाला. त्यासाठी तुरुंगाला लागून बंकरसारखं खास कोर्ट बांधलं होतं. सुमारे पावणेपाचशे आरोपी. १६ डिसेंबर १९८७ ला निकाल लागला. तीनशेहून जास्त दोषी, १९ जणांना जन्मठेप.

मला यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा वेगळाच वाटतो. ११४ जण निर्दोष सुटले. डॉनच्या खोलीतून आजवर कोणी निर्दोष सुटलंय? तिथे आरोपीला बोलावतच नाहीत. बोनासेराच्या केसमध्ये पोरं खरंच दोषी होती म्हणून आपल्याला हे जाणवत नाही. उद्या कानात सांगितलेलं नाव चुकीचं असलं तर?

३० जानेवारी १९९२ ला इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्या. माफियाने उत्तर दिलं. २३ मे ला कापाचीजवळ महामार्ग स्फोटाने उडवला. फाल्कोने, त्याची पत्नी फ्रांचेस्का मोर्व्हिल्लो आणि तीन अंगरक्षक ठार. १९ जुलैला त्याचा सहकारी पाओलो बोर्सेलिनो आणि पाच अंगरक्षक. कापाचीचं बटण दाबणारा जोव्हान्नी ब्रुस्का १९९६ मध्ये पकडला गेला. एका माफिया साक्षीदाराच्या कोवळ्या मुलाला, जुसेप्पे दी मात्तेओला, दोन वर्षांहून जास्त डांबून ठेवून मारल्याचा गुन्हाही त्याच्याच नावावर. डॉन चिचोचं तेच गणित! पुढे ब्रुस्काने सरकारला माहिती दिली, त्याची शिक्षा कमी झाली आणि २०२१ मध्ये तो सुटला.

अख्खी इटली खवळली. फाल्कोनेची बहीण मारिया फाल्कोने यांना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं : माणूस म्हणून मला याचं दुःख होतं, पण साक्ष देणाऱ्याची शिक्षा कमी करणारा हा कायदा माझ्या भावालाच हवा होता, तेव्हा तो पाळलाच पाहिजे.

बोनासेरापेक्षा या बाईचं दुःख कमी आहे का? शिक्षा तिलाही कमीच वाटली असणार. पण त्या कोणाच्या अंधाऱ्या खोलीत गेल्या नाहीत.

आपल्यापुरतं

शाळेत मॉरल सायन्सच्या तासाला आम्हाला क्षमा शिकवली, सिनेमाने सूड शिकवला. मधली तिसरी वाट, म्हणजे तक्रार, पुरावा, दुसऱ्या बाजूचं ऐकून घेणं, निकाल आणि अपील, ही मात्र कोणी मन लावून शिकवत नाही. कारण ती कंटाळवाणी आहे, तिच्यावर पोस्टर निघत नाही!

आणि हॉस्टेल म्हणजे छोटं कॉर्लिओनीच की हो. मोबाईल चोरीला गेला, कोणी ज्युनिअरला त्रास दिला, की रेक्टरकडे अर्ज करण्याआधी आपल्याला 'भाऊ' आठवतो. तो काम फटकन करतो, हे खरं. पुढे कॉलेज इलेक्शनला, मारामारीला, भलत्याच्या खोलीवर दगड मारायला तो आपल्यालाच हाक मारतो, हेही खरं. रेक्टरसरांनी आणि स्टाफनेही रागावू नये, पण तुमच्या टेबलावर अर्ज महिनाभर पडून राहतो तेव्हा भाऊंची गर्दी वाढते. अर्जाचं उत्तर आठवड्यात मिळालं, 'नाही' का होईना पण कारणासकट मिळालं, तर भाऊ आपोआप बेकार होतील.

तेव्हा कोर्टाची पायरी शहाण्याने जरूर चढावी. मोडकी असेल तर ती दुरुस्त व्हावी म्हणून आरडाओरडही करावी. डॉनच्या खोलीला पायऱ्या नसतात, आत जाणं फार सोपं असतं. बाहेर पडायचं दार तेवढं बघून ठेवा.