ॲकीचे बोंड आणि बालकांची रक्तशर्करा

पश्चिम आफ्रिकेतील एका वृक्षाविषयी बालरोगतज्ज्ञाने का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे कारण त्या वृक्षाच्या फळात आहे. ते आपणहून उकलले की अन्न, आणि त्याआधी हाताने फोडले की विष.

‘ब्लायिया’ ही वृक्षप्रजाती सॅपिन्डेसी कुळातील, म्हणजे आपल्या रिठ्याच्या आणि लिचीच्या कुळातील. उष्णकटिबंधीय आफ्रिकेत तिच्या मोजक्याच जाती आढळतात. काही झुडपाएवढ्या राहतात, काही अरण्यातील उंच वृक्ष होतात. त्यांपैकी ‘ब्लायिया सॅपिडा’ म्हणजे ॲकी. हा वृक्ष सदाहरित असून पाने संयुक्त, पिसासारखी असतात. फुले लहान, हिरवट पांढरी व सुवासिक. पाकळ्या पाच, पुंकेसर आठ. अंडाशयाला तीन कप्पे आणि प्रत्येकात एकच बीजांड. हा तीनाचा हिशेब फळात नीट दिसतो. पेरूच्या आकाराचे लालसर बोंड पिकल्यावर तीन भागांत उकलते आणि तीन काळीभोर, चकचकीत बीजे बाहेर डोकावतात. प्रत्येक बीजाच्या तळाशी पिवळसर, लोण्यासारखा गर असतो. खातात तो एवढाच. बीजे सदैव विषारी. कच्च्या फळाचा फेस आफ्रिकेत साबणासारखा वापरतात. रिठ्याचे नाते तेथेही लपत नाही.

अठराव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून हा वृक्ष जमैकात पोहोचला. ‘बाउंटी’वरील बंडामुळे प्रसिद्ध झालेल्या कप्तान ब्लायने १७९३ मध्ये त्याची फळे लंडनच्या क्यू उद्यानात नेली; प्रजातीला नाव त्याचेच. ‘सॅपिडा’ म्हणजे रुचकर. खारवलेल्या माशासह ॲकी हे आज जमैकाचे राष्ट्रीय पक्वान्न आहे.

कच्च्या गरात हायपोग्लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. फळ पिकून उकलेपर्यंत ते नगण्य उरते. शरीरात त्यापासून बनणारे द्रव्य मेदाम्लांचे ज्वलन रोखते आणि त्यामुळे यकृताला नवी शर्कराही घडविता येत नाही. धष्टपुष्ट प्रौढ यातून निभावून जाऊ शकतो. उपाशी झोपलेल्या कृश बालकाच्या यकृतातील साठा मात्र पहाटेपर्यंत संपलेला असतो, आणि मेद जाळण्याची उरलेली एकमेव वाटही बंद झालेली असते. उलट्या, झटके, बेशुद्धी हा क्रम मग फार वेगाने चालतो. बुर्किना फासोमध्ये जानेवारी ते मे १९९८ या काळात २ ते ६ वर्षांची २९ मुले अशी दगावली.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, परंतु बिहारमधील मुझफ्फरपूरला वर्षानुवर्षे लिचीच्या हंगामात हेच घडत होते. २०१४ च्या तपासणीत तेथे ३९० बालके दाखल झाली होती व १२२ मृत्यू पावली. लिची खाल्लेल्या आणि रात्री न जेवलेल्या मुलांना धोका अधिक होता. लघवीत हायपोग्लायसिनाचे अवशेष सापडले. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. तोवर मेंदूज्वर म्हणून विषाणूचाच शोध मुख्यत्वे चालला होता. लिचीचा गर हाही ॲकीप्रमाणे बीजाला फुटलेले मांसल वेष्टनच. फरक इतकाच की लिची आपणहून उकलून पक्वतेची ग्वाही देत नाही.

म्हणून पहाटे झटके येत असलेले मूल आले, की कंबरेतील पाणी काढण्याच्या तयारीपूर्वी मी त्याच्या बोटाचा थेंब ग्लुकोमीटरवर घेतो. शर्करा कमी असेल तर शिरेतून ग्लुकोज सुरू करतो, आणि मगच आईला विचारतो की काल रात्री हा जेवला होता का.