जुनी फ्लॉपी कोणत्या ड्राइव्हमध्ये घालावी?

ज्या व्यापारी बांधवांच्या कपाटात जुन्या हिशेबाच्या किंवा भरतकामाच्या डिझाइनच्या फ्लॉप्या पडून आहेत, त्यांनी त्या हाती लागेल त्या ड्राइव्हमध्ये घालू नयेत. फ्लॉपी आत गेली म्हणजे काम झाले, असे नाही. आम्ही हे नुकसान सोसून शिकलो.

सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह सर्रास चालत. एक ३६० केबीचा, दुसरा १९८४ साली आयबीएमच्या एटी संगणकाबरोबर आलेला १.२ एमबीचा. दिसायला जवळजवळ सारखेच. पहिला चकतीच्या प्रत्येक बाजूवर ४० गोल पट्टे लिहितो, दुसरा ८०. तेवढ्याच जागेत दुप्पट पट्टे बसवायचे, म्हणून दुसऱ्याचे हेड साधारण निम्मे अरुंद असते. ३६० केबीची फ्लॉपी तो खुशाल वाचतो. घोटाळा लिहिताना होतो. रुंद काठावर अरुंद फीत शिवली की दोन्ही बाजूंनी जुना काठ डोकावतो ना, तसाच जुना मजकूर नव्याच्या दोन्ही कडांना उरतो. मग ३६० केबीच्या ड्राइव्हचे रुंद हेड जुने-नवे एकदम उचलते आणि काहीच वाचता येत नाही.

एका ईदच्या हंगामात आम्ही आमच्या अडत्याची फ्लॉपी घेतली, मालाची यादी आमच्या १.२ एमबीच्या ड्राइव्हवर बदलली आणि परत पाठवली. आमच्याकडे ती उघडे, त्यांच्याकडे नाही. आम्ही त्यांच्या मुनीमजींना बोल लावला. या वादात माल ईदनंतर पोचला आणि निम्म्या गाठी परत आल्या. चूक आमची होती. यादी त्यांच्याच ड्राइव्हवर लिहायला हवी होती.

साडेतीन इंची फ्लॉपीत हा तंटा नाही. ७२० केबी आणि १.४४ एमबी, दोन्हींत पट्टे ८०च; फक्त एका पट्ट्यात पहिलीचे ९ भाग, दुसरीचे १८. १.४४ च्या चकतीचा लेपही निराळा असतो आणि तिच्या कोपऱ्यात एक जादा भोक असते. त्या भोकावरून बहुतेक १.४४ चे ड्राइव्ह फ्लॉपीची जात ओळखतात. जुन्या ७२० केबीच्या ड्राइव्हला मात्र ते भोक कळतच नाही. तिथे १.४४ ची फ्लॉपी ७२० म्हणून भरलेली असेल, तर संगणक तिला कोरी समजतो आणि फॉरमॅट करू का, असे विचारतो. ‘हो’ म्हणू नका, सारे पुसले जाईल. भोकावर जाड काळी पट्टी चिकटवा, फ्लॉपी पुन्हा घाला आणि मजकूर लगेच दुसरीकडे उतरवून घ्या.

भरतकामाची काही जुनी यंत्रे ७२० केबीचीच फ्लॉपी घेतात. सोनीने २०११ साली जपानात फ्लॉपीची विक्री बंद केली, तेव्हा नवीन शोधण्यात अर्थ नाही. ड्राइव्हच्या जागी पेनड्राइव्हचे यंत्र बसवता येते. पण ते घेताना आपला मूळ ड्राइव्ह ७२० चा की १.४४ चा, हे कारागिराकडून आधी पाहून घ्यावे. दोघांचा मजकूर पाठवण्याचा वेग वेगळा आहे, १.४४ चा दुप्पट.