डाव्या-उजव्या रेणूंची नोकरी

खापरखेड्यात ‘केमिस्ट’ म्हटलं की दोन माणसं डोळ्यांपुढं येतात. एक मेडिकलच्या काउंटरमागचा, आणि दुसरा पॉवर हाउसच्या लॅबमधला, कोळशाचं उष्मांक मूल्य काढणारा, बॉयलरचं पाणी तपासणारा. १३४० मेगावॉटच्या केंद्राच्या सावलीत आणि सिल्लेवाडा-वलनीच्या खाणींच्या शेजारी वाढलेल्या मुलांना केमिस्ट्रीचा तिसरा उपयोग सहसा दिसत नाही. म्हणून बारावीतली एखादी मुलगी घरी सांगते, “मला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत रिसर्च करायचाय,” तेव्हा घरात शांतता पसरते. अशाच एका आईनं मला विचारलं होतं, “सर, हे शिकून पोट्टीले नोकरी लागन का? का दहा वर्षं नुसती शिकतच राहीन?”

प्रश्न रास्त होता. हा लेख त्या आईसाठी आहे, आणि मुलीसाठीही.

आधी घरातला औषधांचा डबा काढा. राखेच्या आणि धुळीच्या गावात सर्दी-शिंकांची गोळी बहुतेक घरांत असतेच. तिच्यावर ‘लेवोसेटिरिझिन’ लिहिलेलं सापडेल. आजोबांच्या बीपीच्या गोळीवर कदाचित ‘एस-अ‍ॅम्लोडिपिन’ असेल, पित्ताच्या गोळीवर ‘एसोमेप्राझोल’. नावापुढचं हे ‘लेवो’ किंवा ‘एस’ म्हणजे आपला आजचा विषय.

बाबांचे सेफ्टी शूज दाराशी असतील. डावा आणि उजवा एकाच मापाचे, एकाच चामड्याचे, पण डाव्या पायात उजवा बूट जात नाही. कार्बनचे कित्येक रेणू असेच जोडीनं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा. त्यांना ‘कायरल’ म्हणतात. आपलं शरीर स्वतःच अशा एका हाताच्या रेणूंनी घडलेलं असल्यामुळे ते डावं-उजवं लगेच ओळखतं. अ‍ॅम्लोडिपिनच्या जोडीतलं एकच रूप रक्तदाब उतरवतं, दुसरं त्या कामी जवळपास निरुपयोगी. त्यामुळे मिश्रणाची ५ मिलिग्रॅमची गोळी जे करते, ते एकट्या ‘एस’ रूपाच्या २.५ मिलिग्रॅममध्ये होतं. वासाचंही तेच. कार्व्होन नावाच्या एकाच पदार्थाचं एक रूप पुदिन्याच्या जातीचा वास देतं, दुसरं शहाजिऱ्याचा.

आपल्या नागपुरी संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन हाही असाच रेणू, आणि झाड त्याचं जवळजवळ एकच रूप तयार करतं. (संत्र्यात उजवं आणि लिंबात डावं लिमोनिन असतं, असं काही पुस्तकांत छापलेलं आढळतं. ते चूक आहे. दोन्हींत प्रामुख्यानं उजवंच असतं. मुलांनी पुस्तकातलं वाक्यही तपासून घ्यावं म्हणून मुद्दाम सांगतो.)

झाडाला जे सहज जमतं ते फ्लास्कमध्ये जमत नाही. साध्या पद्धतीनं रेणू बनवला की डावे-उजवे निम्मे-निम्मे पडतात. मग ते वेगळे करायचे. एस-अ‍ॅम्लोडिपिनसाठी टार्टरिक आम्ल वापरून असं विभाजन करता येतं. चिंचेला आंबट करणाऱ्या आम्लाचंच हे कूळ. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, यावर काम झालं आणि एमक्युअर या पुण्याच्याच कंपनीनं असं एका हाताचं औषध भारतात बाजारात आणलं. मुकुंद गुर्जर हे नाव या दोन्ही ठिकाणी भेटतं: आधी एनसीएलमधले शास्त्रज्ञ, पुढे एमक्युअरमधले संशोधनप्रमुख. सरकारी प्रयोगशाळेतून उद्योगात जाणारी वाट इथे अशी चालून झालेली आहे.

पण विभाजनात निम्मा माल नको असलेला निघतो. तो फेकायचा किंवा पुन्हा फिरवून घ्यायचा. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी दुसरा रस्ता शोधला. उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट, स्वतःच एका हाताचा घ्यायचा. अभिक्रिया त्याच्या कुशीत घडते, त्यामुळे नवा रेणू मुख्यतः एकाच हाताचा बाहेर पडतो. उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून त्याचा एकेक रेणू हेच काम पुन्हा पुन्हा करतो आणि चिमूटभरात भरपूर माल तयार होतो. अमेरिकेत विल्यम नोल्स यांनी ऱ्होडियम धातूला असा हात देऊन पार्किन्सनवरचं एल-डोपा बनवलं. जपानचे र्‍योजी नोयोरी यांच्या उत्प्रेरकानं मेंथॉलचे कारखाने चालले. या दोघांना आणि बॅरी शार्पलेस यांना २००१ चं नोबेल मिळालं. २०२१ चं नोबेल बेंजामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांना मिळालं, धातूशिवायच्या उत्प्रेरकांसाठी. लिस्ट यांनी प्रोलीन वापरलं होतं. ते आपल्या शरीरातल्या प्रथिनांत असतं. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत सुंदर वाटतो तो हा भाग: धातू किंवा एन्झाइमच हवं असं बहुतेक जण धरून चालले असताना एका साध्या अमिनो आम्लानं काम केलं.

औषध कंपन्यांना याची गरज कायमची आहे. अमेरिकेच्या औषध नियामकानं १९९२ मध्ये धोरणच काढलं की जोडीतल्या प्रत्येक रूपाचं शरीरात काय होतं ते कंपनीनं तपासावं.

आता रस्ता. बारावीनंतर सगळ्यांत जवळचा म्हणजे सावनेर किंवा नागपूरच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी. तिथून ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, किंवा आपल्याच विद्यापीठात ऑरगॅनिकची एमएस्सी. दुसरा रस्ता बारावीलाच ‘आयएटी’ ही प्रवेश परीक्षा देऊन पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस. ज्याला मोठ्या रिअ‍ॅक्टरची आवड आहे त्यानं केमिकल इंजिनिअरिंग पाहावं. शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये उतरलेली अभिक्रिया दोन हजार लिटरमध्ये तशीच उतरवणं ही वेगळी आणि अवघड विद्या आहे. ती शिकायला आपल्या कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था घरापासून तासाभरावर आहे. मुंबईची आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, तर या क्षेत्रातलं मोठं नावच.

त्या आईच्या दहा वर्षांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: वर्षं लागतात, पण वाटेत उतरायला स्टेशनं आहेत. एमएस्सीनंतर कंपनीत ज्युनिअर केमिस्ट म्हणून लागता येतं. तिथं मुलाखतीत विचारतात, किती स्टेपची सिंथेसिस स्वतःच्या हातानं केली, कॉलम (मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी नळी) स्वतः चालवला का, एनएमआर (रेणूची रचना सांगणारा आलेख) वाचता येतो का, ‘ईई’ किती आला. ईई म्हणजे एका हाताचा माल दुसऱ्यापेक्षा किती जास्त. ९० टक्के ईई म्हणजे शंभरात ९५ हवे ते आणि ५ नको ते. एमएस्सीनंतर सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना २०२३ च्या दरानं महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. म्हणजे पंचविशीतली मुलगी घरून पैसे मागवत नाही. पालकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

नोकऱ्या कुठे, तेही स्पष्ट बोलतो. नागपूरजवळ मिहान आणि कळमेश्वरला औषध कारखाने आहेत, पण तिथं मुख्यतः तयार द्रव्यापासून गोळ्या बनतात. रेणू घडवण्याचं काम पुणे, कुरकुंभ, महाड, तारापूर आणि हैदराबादकडे जास्त. नागपूरहून हैदराबाद एका रात्रीच्या गाडीवर आहे. मुलगी गावाबाहेर राहणार हे आजच घरात बोलून घ्या. निवड झाल्यावर अडवू नका. प्रयोगशाळेत हात घालायचाच नसेल, पण गणित आणि कॉम्प्युटर आवडत असेल, तरी दार बंद नाही. आयआयटी मुंबईत राघवन सुनोज यांचा गट उत्प्रेरक डावं-उजवं कसं निवडतो हे कॉम्प्युटरवर मांडतो.

एक इशारा मनापासून. एमएस्सीला प्रवेश घेण्याआधी ती लॅब स्वतः जाऊन पाहा. एका ठिकाणी मी दोन वर्षांत एकदाही रोटाव्हॅप (द्रावक उडवून लावायचं रोजच्या वापरातलं यंत्र) न फिरवलेले एमएस्सीवाले पाहिलेत. मार्कशीट चांगली, हात कोरे. दोष मुलांचा नव्हता, भोगलं मात्र त्यांनीच. आणि ज्या मुलाला फसलेला प्रयोग तिसऱ्यांदा लावायचा कंटाळा येतो, त्याला या वाटेला ढकलू नका. इथे बहुतेक दिवस फसलेलेच असतात.

आपलं मूल कंटाळणारं आहे की चिकाटीचं, हे या रविवारी घरीच पाहता येईल. साखरेचा दाट, नितळ पाक करा आणि सरळ बाजूंच्या काचेच्या ग्लासात भरा. लॅपटॉपचा पडदा पांढरा करून ग्लास त्याच्यासमोर धरा (कीबोर्डवर ठेवू नका) आणि पोलरॉइड गॉगलमधून पाकाकडे बघा. गॉगल हळूहळू फिरवला की पाकात रंग बदलत जातात. साध्या पाण्यात तसं होत नाही. साखरेचा रेणू कायरल आहे, तो पडद्यातून येणाऱ्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा उजवीकडे वळवतो.

रंग पाहून मुलगी उठून गेली तर काही बिघडलं नाही. पण आई लाडवाच्या पाकात लिंबू पिळते ते आठवून ती विचारू शकते, “यात लिंबू पिळून उकळलं तर?” मग करू द्या. लिंबाचं आम्ल उत्प्रेरक होऊन साखर तोडतं आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण बनतं. पाक जसजसा उकळत जाईल तसतसं प्रकाशाचं वळणं कमी होत जाईल, आणि साखर पुरती तुटली की ते डावीकडे जाईल. तिला वही आणि घड्याळ द्या, आणि किती मिनिटांनी काय दिसलं ते तिलाच लिहू द्या.