प्रथिनांची साक्ष
(मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांतील साध्यासाध्यविचार)

घरांत कोणास मोठें दुखणें आलें म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. ‘काय झालें आहे?’ हा पहिला, आणि ‘आतां पुढें काय होणार?’ हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरास निदान म्हणतात. दुसऱ्यास आपल्या जुन्या वैद्यकांत साध्यासाध्यविचार असें नांव आहे. रोग सुखानें बरा होणारा, कष्टानें बरा होणारा, औषधानें आटोक्यांत राहणारा कीं असाध्य, हें वैद्य लक्षणांवरून ठरवीत. आज त्याच कामीं शरीरांतील कांहीं प्रथिनांची साक्ष काढतां येते. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत ही साक्ष कशी काढतात व तिचें मोल किती, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

मोठें आंतडें सुमारें दीड मीटर लांब असतें. त्याच्या आंतल्या अस्तरावर बहुधा प्रथम एक लहानसा अंकुर उगवतो, व त्याचा कर्करोग होण्यास कित्येक वर्षें लागतात. पाश्चात्य देशांच्या मानानें हा रोग आपल्याकडे कमी. पण होतो तेव्हां पुष्कळदां ऐन कर्त्या वयांत होतो. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत २०१३-१४ मध्यें मोठ्या आंतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या ८०० रोग्यांची पाहणी झाली. त्यांचें सरासरी वय सुमारें ४७ वर्षें भरलें, आणि तेथें येण्यापूर्वीं सरासरीनें चार महिने त्यांस लक्षणें जाणवत होतीं. शौचावाटे रक्त जाणें हें त्यांतील प्रमुख लक्षण होय.

रोगाचें पुढील मान मुख्यत्वें तो कोठवर पोंचला यावरून ठरतें. गांठ आंतड्याच्या भिंतींतच आहे, जवळच्या लसिकाग्रंथींत शिरली आहे, कीं यकृतासारख्या दूरच्या अवयवांत गेली आहे, हें आधीं पाहतात. प्रथिनांची साक्ष ही या विचारास जोड होय.

पहिला साक्षी रक्तांत सांपडतो. १९६५ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनीं आंतड्याच्या कर्करोगांत एक प्रथिन शोधून काढलें. तेंच गर्भाच्या आंतड्यांतहि आढळलें; निरोगी प्रौढ शरीरांत तें फारच थोडें असतें. त्यास कार्सिनो-एम्ब्रिऑनिक अँटिजेन, संक्षेपानें सी. ई. ए., म्हणतात. दर मिलिलिटरांत सुमारें ५ नॅनोग्रॅमपर्यंत तें असणें सामान्य समजतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. शस्त्रक्रियेपूर्वीं हें मान चढलेलें असल्यास रोग उलटण्याचा संभव अधिक धरतात. गांठ पूर्ण निघाली तर तें कांहीं आठवड्यांत उतरतें. उतरून पुन्हां चढूं लागलें तर रोग कोठें शिल्लक आहे काय, याचा शोध घ्यावा लागतो. म्हणून पहिलीं दोन वर्षें दर तीन ते सहा महिन्यांनीं, व पुढें पांच वर्षें पुरीं होईपर्यंत दर सहा महिन्यांनीं रक्त तपासण्याचा प्रघात आहे.

एका आंकड्यापेक्षां आंकड्यांच्या ओळीस अधिक अर्थ असतो, हें सुप्याच्या टापूंतील विहिरी पाहणारांस सांगावयास नको. एके दिवशींच्या पाण्यावरून फार कळत नाहीं. महिन्यामागून महिना तें कसें उतरलें हें पाहिलें म्हणजे उन्हाळ्याचा अंदाज येतो. आपल्या नगर तालुक्याकडील हिवरे बाजार या गांवीं पाऊस व भूजल मोजून, त्या हिशेबानें कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ग्रामसभेंत ठरवितात. मोजल्यानें पाऊस वाढत नाहीं; पण निर्णय वेळेवर घेतां येतो. रक्तांतील प्रथिन मोजण्याचा उपयोगहि नेमका हाच.

मात्र हा साक्षी एकटा पुरेसा नव्हे. धूम्रपान करणारांत, यकृताच्या विकारांत व आंतड्याच्या दाहांतहि सी. ई. ए. वाढतें, उलट कांहीं कर्करोगांत तें मुळींच वाढत नाहीं. यास्तव निरोगी माणसांत रोग हुडकण्यासाठीं ही तपासणी योजीत नाहींत.

दुसरे साक्षी गांठींतच असतात व ते चार आहेत: एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२. पेशी दुभंगण्यापूर्वीं आपल्या आनुवंशिक मजकुराची नक्कल करते. त्या नकलेंतील चुका दुरुस्त करणें हें या प्रथिनांचें काम. मासिक छापण्यापूर्वीं मुद्रितें तपासतात, तसे हे पेशींतले मुद्रितशोधक होत. त्यांतील एखादा गैरहजर असला कीं चुका सांचत जातात व त्यांतून कर्करोग उद्भवूं शकतो. गांठीच्या पातळ कापास रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखालीं हा अभाव ओळखतात. मोठ्या आंतड्याच्या सुमारें १५ टक्के कर्करोगांत तो आढळतो. नवल असें कीं, रोग आंतड्यापुरताच असतां हा अभाव बहुधा शुभसूचक ठरतो. कारण चुकांनीं भरलेल्या पेशी शरीराच्या रक्षकदळास परक्या म्हणून ओळखूं येतात. रोग दूर पसरला असतां या रक्षकदळास मोकळें करणारीं औषधें अशाच रोग्यांस विशेष गुणकारी पडतात. २०१७ सालीं अमेरिकेंत पेंब्रोलिझुमॅब या औषधास याच खुणेवरून मान्यता मिळाली. कांहीं घराण्यांत हा दोष पिढीजात असतो. तेथें एकाच्या तपासणीनें भावंडांस व मुलांस वेळीं सावध होतां येतें.

पालकहो, असा आंकडा हातीं आला म्हणजे तो कुंडलीप्रमाणें वाचूं नये. ‘शंभरांपैकीं इतके बरे होतात’ हें गणित शंभरांविषयीं बोलतें. आपला माणूस त्या शंभरांत कोठें बसेल हें त्यांत लिहिलेलें नसतें. आंकडा वाईट म्हणून उपचार सोडणें आणि चांगला म्हणून फेरतपासणी चुकविणें, हीं दोन्ही सारखींच घातक.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडूनहि एक काम होण्याजोगें आहे. शौचावाटे रक्त जाणें, शौचाच्या संवयींत कित्येक आठवडे पडलेला फरक, कारणावांचून अशक्तपणा व वजन घटणें, हीं लक्षणें वडील माणसें लाजेनें लपवितात, किंवा ‘मूळव्याध असेल’ म्हणून दिवस ढकलतात. पुष्कळदां ती मूळव्याधच असते. पण तें डॉक्टरांनीं पाहून सांगावें. शौचांतून नकळत जाणारें रक्त हिमोग्लोबिन या प्रथिनावरून ओळखण्याची सोपी तपासणीहि आतां आहे. घरीं कोणी असें कांहीं बोलून गेलें तर त्यांस आदरानें, पण आग्रहानें, दवाखान्यांत न्यावें. लवकर सांपडलेला हा रोग पुष्कळदां पूर्ण बरा होतो.