उन्हाळा, केक आणि ‘युक्त’ विहार

आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १७



मे महिन्यात हमखास येणारा प्रश्न : आयपीएल, मित्रांबरोबर कोल्ड कॉफी, घरी केलेला मँगो केक... यात साधना मागे पडते का?

या श्लोकात भगवंत आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण यांबद्दल बोलतात. हे सगळं ‘युक्त’, म्हणजे प्रमाणात असेल, तर योग दुःख दूर करतो. गंमत बघा, विहार वगळलेला नाही! आधीच्या श्लोकात तर अति खाणाऱ्याबरोबर अजिबात न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, असं म्हटलंय. माऊलींचाही भर इथे मापावरच आहे.

माप कसं ओळखायचं? खाण्याचा सोडा जास्त पडला तर केक कडवट होतो, कमी पडला तर दडस. विहाराचंही तसंच. साडेसातची मॅच बघून शांत झोप लागली, तर तो विहार. टीम हरली म्हणून रात्रभर मोबाइलवर दुसऱ्या टीमच्या फॅन्सना शिव्या आणि सकाळी आईवर चिडचिड, तर झोप गेली, कर्मही बिघडलं. तिथे आपण मॅच बघत नसतो, मॅच आपल्याला खेळवत असते.

आजचा अभ्यास : एक आवडती गोष्ट मनापासून करा. केक केलात तर (बिनअंड्याचा!) आधी देवापुढे ठेवा, मग वॉचमनकाकांनाही द्या. नंतर पाच मिनिटं नाम घ्या. मन सहज वळलं, तर समजा माप बरोबर आहे.