सहाव्या कोर्टावरचा गुण

टेनिस हा एकट्याचा खेळ आहे, असे आपण धरून चालतो. विम्बल्डनला खेळाडू एकटा कोर्टवर येतो, एकटा हरतो आणि आपली बॅग खांद्याला लावून एकटाच निघून जातो. अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये मात्र हाच खेळ संघाने खेळला जातो. या सत्रात आमच्या हाउसच्या कॉमन रूममध्ये दर रविवारी आम्ही अशा लढतींची रेकॉर्डिंग पाहिली. थेट प्रक्षेपण पाहणे शक्य नव्हते, कारण तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पीटीच्या शिटीआधीची पहाट. पाहता पाहता इतके वाद झाले की त्यातला एक विषय शेवटी डिबेटच्या तासाला घ्यावा लागला. ज्यांनी अशी लढत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी नियम सांगतो. लेखात ‘गुण’ म्हणजे संघाला मिळणारा गुण, आणि गेममधल्या गुणाला मी ‘पॉइंट’ म्हणणार आहे, नाहीतर गोंधळ होईल.

एनसीएए या संस्थेच्या सर्वांत वरच्या विभागात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, दोन विद्यापीठांच्या लढतीत एकूण सात गुण असतात. आधी शेजारशेजारच्या कोर्टांवर दुहेरीचे तीन सामने एकाच वेळी सुरू होतात. प्रत्येक सामना एकाच सेटचा. तीनपैकी दोन सामने जिंकणाऱ्या संघाला मिळून फक्त एक गुण. त्यानंतर एकेरीचे सहा सामने, प्रत्येकात तीनपैकी दोन सेट जिंकायचे आणि प्रत्येक सामन्याला एक गुण. जो संघ आधी चार गुण मिळवील तो जिंकला.

पहिल्या रविवारी पडद्यावर सहा चौकोन पाहून आम्हाला काहीच कळेना. एका कोर्टवर आरडाओरडा व्हायचा, तिकडे पाहीपर्यंत दुसरीकडे कोणीतरी सेट हरलेला असायचा. पीटीचे उस्तादजी मागे उभे होते. ते म्हणाले, “खेळाडू मत बघा, आधी फळा बघा.” (उस्तादजींची मराठी अशीच आहे, आणि आम्हाला ती आवडते.) गुणफलक पाहायला लागल्यावर लढत समजू लागली. ३–३ अशी बरोबरी झाली आणि फक्त सहाव्या कोर्टवरचा सामना शिल्लक राहिला की पहिल्या पाच कोर्टांवरचे खेळाडू घामाघूम अवस्थेत सहाव्या कोर्टच्या जाळीपाशी येऊन बसतात. संघातला सर्वांत मोठा खेळाडू सर्वांत खालच्या क्रमांकाच्या खेळाडूसाठी ओरडत असतो. असे दृश्य मी टेनिसमध्ये आधी पाहिले नव्हते.

इथेच पहिला वाद झाला. हरयाणाचा माझा वर्गमित्र म्हणाला की हा अन्याय आहे. पहिल्या कोर्टवर दोन उत्कृष्ट खेळाडू झुंजतात आणि सहाव्यावर त्यांच्यापेक्षा खूप कमी कुवतीचे, मग दोन्ही विजयांची किंमत सारखी का? पहिल्या कोर्टला दोन गुण द्यावेत. वरवर पाहता त्याचे म्हणणे पटण्यासारखे आहे. पण संघाची ताकद कशाने मोजायची? एका खेळाडूने की सहा जणांनी? नियम करणाऱ्यांनी उत्तर दिले आहे, सहा जणांनी. त्यासोबत दुसरा नियमही आहे. खेळाडूंना कुवतीच्या क्रमानेच उभे करावे लागते. नाहीतर एखादा हुशार प्रशिक्षक आपला सर्वांत कच्चा खेळाडू पहिल्या कोर्टवर बळी देईल आणि बाकीच्यांना एकेक पायरी खाली सरकवून उरलेली पाच कोर्टे जिंकायला बघेल. ही चाल आमच्या खोलीत दोन मिनिटांत सुचली होती. नियम नसता तर सगळ्यांनाच सुचली असती.

बेन शेल्टन आज व्यावसायिक टेनिसमध्ये मोठे नाव आहे. २०२३ साली तो यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचला. पण २०२१ साली तो फ्लोरिडा विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता आणि संघाचा अव्वल खेळाडू मुळीच नव्हता. त्या वर्षीचा एकेरीचा विजेता सॅम रिफिस त्याच्याच संघात होता. तरी फ्लोरिडाला पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा निर्णायक गुण शेल्टनने जिंकला. पुढच्या वर्षी तो स्वतः एकेरीचा विजेता झाला. संघाचे प्रशिक्षक त्याचे वडीलच होते, ब्रायन शेल्टन. स्वतःच्या मुलाला कितव्या क्रमांकावर उभे करायचे हे ठरवणे किती अवघड असेल, याचा विचार पालकांनी जरूर करावा.

दुहेरीच्या गुणाबद्दल मला एक हिशेब सापडला. दोन्ही संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि एकेरीचा प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा आहे, असे माना. सहा सामन्यांचे एकूण ६४ वेगवेगळे निकाल संभवतात. दुहेरीचा गुण मिळवलेल्या संघाला त्यानंतर सहापैकी तीनच सामने पुरतात, आणि तीन किंवा जास्त विजय ६४ पैकी ४२ निकालांत येतात. म्हणजे सुमारे ६६ टक्के. अर्ध्यापाऊण तासाच्या दुहेरीने पन्नास टक्क्यांचे सहासष्ट होतात. विद्यापीठे दुहेरीच्या सरावाला एवढा वेळ का देतात हे मला त्या दिवशी समजले. आपल्याकडे गेम्स पीरियडमध्ये दुहेरी म्हणजे कोर्ट कमी आणि मुले जास्त असली की करायची सोय, असेच मानतात.

डिबेटचा विषय होता ड्यूसचा नियम. नेहमीच्या टेनिसमध्ये ४०–४० झाले की लागोपाठ दोन पॉइंट घ्यावे लागतात, आणि अ‍ॅडव्हान्टेज इकडून तिकडे कितीही वेळा फिरू शकतो. डिव्हिजन वनमध्ये ४०–४० ला एकच पॉइंट खेळतात आणि गेम संपतो. सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची ते परतवणारा ठरवतो. विरोधी पक्षाचे म्हणणे होते की हा खेळ नसून लॉटरी आहे, सर्व्हिस करणाऱ्याने कष्टाने मिळवलेली आघाडी एका नेटकॉर्डने जाऊ शकते. मी नियमाच्या बाजूने बोललो. गणिताच्या सरांनी संभाव्यतेचे सूत्र समजावून दिले होते, ते घेऊन मी फळ्यावर गेलो.

समजा, सर्व्हिस करणारा शंभरपैकी साठ पॉइंट जिंकतो. मग त्याचे शंभरपैकी सुमारे २८ गेम ४०–४० पर्यंत जातात. जुन्या नियमाने तिथून गेम जिंकण्याची त्याची शक्यता ६९ टक्के, नव्या नियमाने ६० टक्के. फरक नऊ टक्क्यांचा दिसतो खरा, पण तो फक्त त्या २८ गेमपुरता आहे. पूर्ण हिशेब केला तर जुन्या नियमाने तो शंभरपैकी ७३.६ गेम जिंकतो आणि नव्या नियमाने ७१.०. शंभर गेममध्ये जेमतेम अडीच गेम! एका सेटमध्ये सर्व्हिस करायला पाच-सहा गेम मिळतात, म्हणजे अडीच गेमचे नुकसान व्हायला बरेच सेट खेळावे लागतील. याला लॉटरी म्हणता येणार नाही.

परीक्षकांनी आम्हाला विजयी केले. तरीही विरोधी पक्षाच्या एका मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. ती मुलगी म्हणाली की तुमच्या सूत्रात प्रत्येक पॉइंट सारखाच आहे, पण माणसाचा हात प्रत्येक पॉइंटला सारखा चालत नाही. ४–४, ४०–४० ला दुसरी सर्व्हिस टाकताना मनगट आखडते, ते सूत्रात कुठे आहे? कुठेच नाही. मला तर वाटते की त्या आखडलेल्या मनगटासाठीच लोक हे सामने पाहतात.

नियम का बदलला, तर वेळेसाठी. सामने लांबण्याची चिंता फक्त विद्यापीठांना नाही. २०१० साली विम्बल्डनला जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना तीन दिवस चालला, एकूण ११ तास ५ मिनिटे, आणि पाचवा सेट ७०–६८ असा संपला. त्यानंतर काही वर्षांनी विम्बल्डननेही शेवटच्या सेटला टायब्रेकर आणला. हा इस्नर जॉर्जिया विद्यापीठाचा विद्यार्थी, आणि त्याच्या विद्यापीठीय कारकिर्दीत आपल्याला अभिमान वाटावा असे एक पान आहे. २००७ साली राष्ट्रीय एकेरीचा अंतिम सामना जॉर्जियाच्याच कोर्टवर झाला. सहा फूट दहा इंच उंचीचा इस्नर, त्याची ती सर्व्हिस आणि घरचे प्रेक्षक, अशा वेळी समोर होता व्हर्जिनिया विद्यापीठाचा सोमदेव देववर्मन. सोमदेवने ७–६, ४–६, ७–६ असा विजय मिळवला. आदल्या वर्षी तो अंतिम सामना हरला होता, पुढच्या वर्षी त्याने विजेतेपद राखले, आणि त्या २००८ च्या मोसमात एकेरीत ४४ सामने जिंकून फक्त एक हरला. पुढे २०१० मध्ये राष्ट्रकुल आणि आशियाई अशा दोन्ही स्पर्धांत त्याने एकेरीचे सुवर्णपदक मिळवले. त्याच्याही आधी, १९९५ साली, महेश भूपतीने मिसिसिपी विद्यापीठाकडून अली हमादेहच्या साथीने दुहेरीचे राष्ट्रीय विजेतेपद घेतले होते. परदेशी खेळाडूंना इतक्या जागा का देता, असा वाद अमेरिकेत नेहमी चालतो. त्या वादात मी कोणत्या बाजूला आहे हे सांगायला नको.

एका नियमावर मात्र मी विद्यापीठांच्या विरोधात आहे. राष्ट्रीय स्पर्धेत एखाद्या संघाचे चार गुण झाले की उरलेले सामने तिथेच थांबवतात. तिसऱ्या सेटमध्ये ५–४ ने पुढे असलेला मुलगाही रॅकेट खाली ठेवतो आणि त्याच्या नावापुढे ‘अपूर्ण’ एवढेच लिहिले जाते. एका रेकॉर्डिंगमध्ये सगळा संघ धावत जाऊन विजेत्यावर उड्या मारत होता आणि कोपऱ्यात दुसऱ्या कोर्टवरचा एक खेळाडू सर्व्हिसच्या रेषेवर चेंडू हातात घेऊन उभा होता. तो विजयी संघाचाच होता, तरी त्याला आनंद व्हायला दोन सेकंद लागले. आम्ही ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिले.

रेषेचा निर्णयही पाहण्यासारखा असतो. पारंपरिक पद्धत अशी की आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे खेळाडूने स्वतः सांगायचे. शंका असेल तर चेंडू आत, म्हणजे फायदा प्रतिस्पर्ध्याचा. खुर्चीवरचे पंच चुकीचा निर्णय फिरवू शकतात आणि आता काही ठिकाणी यंत्रेही आली आहेत. पण नियमांवर विश्वासाइतकीच अविश्वासाचीही छाप आहे. पुरुषांच्या सामन्यांत सर्व्हिसचा चेंडू नेटला लागून आत पडला तर ‘लेट’ देत नाहीत, खेळ चालूच राहतो. कारण बिनतोड सर्व्हिस आली की काही जण ‘लेट’ असे ओरडून पॉइंट वाचवत.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना गणवेशाशी संबंध असलेला खेळाडू जास्त जवळचा वाटेल, म्हणून आर्थर अ‍ॅश यांच्याविषयी लिहितो. ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे. १९६५ साली त्यांनी एकेरीचे विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी त्यांचा संघही विजेता ठरला. विद्यापीठात ते आरओटीसीचे कॅडेट होते. शिक्षणानंतर ते सैन्यात अधिकारी झाले. त्यांची नेमणूक वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत होती आणि तिथल्या टेनिसचे कामही त्यांच्याकडे होते. १९६८ साली लेफ्टनंट असतानाच त्यांनी यूएस ओपन जिंकली. हौशी खेळाडू असल्यामुळे १४,००० डॉलरचे बक्षीस त्यांना घेता आले नाही, ते हरलेल्या टॉम ओक्करला मिळाले. अ‍ॅश यांना रोजच्या खर्चाचे २० डॉलर मिळाले. आजही वेस्ट पॉइंट आणि अ‍ॅनापोलिसची नौदल अकादमी यांचे टेनिस संघ पेट्रियट लीग या एकाच गटात खेळतात.

आता आपल्या शाळेबद्दल. आंतर-हाउस टेनिसमध्ये आपण दोन एकेरी आणि एक दुहेरी खेळतो. म्हणजे एका हाउसचे फार तर चार कॅडेट कोर्टवर उतरतात आणि बाकीचे चेंडू आणून देतात. मी आमच्या हाउसच्या यादीत सहावा आहे, त्यामुळे माझे मत निःपक्षपाती नाही हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. तरी पुढच्या सत्रासाठी सात गुणांची पद्धत वापरून पाहावी, असा अर्ज मी आणि माझ्या हरयाणाच्या मित्राने स्पोर्ट्स ऑफिसरांकडे दिला आहे.

आपल्याकडे कोर्टे दोनच आहेत ही खरी अडचण. पण सगळे सामने एकेका सेटचे ठेवले आणि ड्यूसला एकच पॉइंट घेतला, तर दुहेरीच्या दोन पाळ्या आणि एकेरीच्या तीन अशा पाच पाळ्या होतात. एका पाळीला पस्तीस मिनिटे धरली तर तीन तासांत लढत संपते. रविवारी नाश्त्यानंतर सुरू केली तर मेसची जेवणाची घंटा चुकत नाही. चार गुण झाले तरी सामने थांबवायचे नाहीत, असे आम्ही अर्जात अधोरेखित केले आहे. एकेरीचा क्रमही उलटा मागितला आहे. पाचवा आणि सहावा आधी, मग तिसरा आणि चौथा, आणि हाउसचे पहिले दोन खेळाडू शेवटी. तोपर्यंत त्यांनी जाळीपाशी बसायचे, आणि चेंडू आणून द्यायचे.